आठळ्यांवरचा पोकर

भावजी, आपलं भांडण अर्धवट राहिलं.

परवा तुमच्या बाराव्याला आलेली माणसं जेवून पडवीत टेकली होती. वाडीतले होते, ह्यांच्या ऑफिसातले होते, तुमच्याबरोबर बोटीवर काम केलेले दोघे थेट केळशीहून आले होते. पत्त्यांचा विषय निघणारच होता. त्या दोघांतला जाडसर, तुमच्या इंजिनरूममधला, म्हणाला, "विलासला ते जन्मजातच होतं. पोकर काय शिकून येतो होय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ताक देत फिरत होते. उत्तर अगदी ओठांवर आलं आणि सवयीने मी कोपऱ्यातल्या तुमच्या खुर्चीकडे बघितलं, तुम्ही आता मिशीत कसे हसताय ते बघायला. खुर्चीत कुणाचीतरी पिशवी ठेवलेली होती. मी ताकाचं भांडं घेऊन आत गेले आणि ओट्याशी उगाच उभी राहिले.

त्या माणसाला उत्तर देऊन काय उपयोग होता? भांडण त्याचं नव्हतंच. ते तुमचं-माझं होतं. इतकी वर्षं आपण ते पुरवून पुरवून वापरलं. तुम्ही म्हणायचं, पत्त्यातला माणूस जन्माला यावा लागतो. मी म्हणायचं, बसून बसून घडतो. आता एक बाजू रिकामी झाली, तर दुसरीने एकटीने काय बोलायचं?

मला तो मे महिना आठवतो. मी लग्न होऊन ह्या घरात आले त्याला फार दिवस झाले नव्हते. माझं माहेर संगमेश्वराच्या आत, डोंगरातलं. बोटीवर जाणारी माणसं मी जवळून बघितली नव्हती. तुम्ही सुट्टीवर आलात तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता दिवसभर झोपा काढेल. तुम्ही तर दुपारी सगळे लवंडले की पडवीत एकटेच पत्ते पिसत बसायचात. सासूबाई एका बाजूला फणसाच्या आठळ्या निवडत असायच्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं, त्यामुळे दुपारी घर अगदी गप्प. मला शाळेची सुट्टी. नवीन घरात वेळ कसा घालवायचा ते मला कळत नव्हतं.

"वैनी, हायस्कुलात गणित शिकवता ना?" तुम्ही विचारलंत. "मग बसा समोर. हे तुम्हाला जमायला पाहिजे."

"मला फक्त पाच-तीन-दोन येतं."

"ते पोराबाळांचं. हा पोकर. बोटीवर सगळ्या देशांची माणसं खेळतात."

खेळ सांगायला तुम्हाला फार वेळ लागला नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते कुणाला दाखवायचे नाहीत. मधे चटईवर पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडायचे, ते सगळ्यांचे. ह्या सातांतून ज्याचे पाच भारी, तो जिंकला. पण दर टप्प्याला डाव लावायचा, हवा तर वाढवायचा, नाहीतर पत्ते टाकून मोकळं व्हायचं. "आणि मुख्य म्हणजे वैनी, हातात काय नसताना असल्यासारखं दाखवता येतं. समोरच्याने घाबरून पत्ते टाकले की आपण जिंकलो."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"बोलायचं नाय. गप बसायचं."

पैसे लावायचे नव्हते. तरी ह्यांनी ऑफिसातून आल्या आल्या चटईवरचे पत्ते बघून कपाळाला आठ्या घातल्या. "घरात जुगार नको हां." तेव्हा तुम्ही सासूबाईंच्या सुपाकडे बोट दाखवलंत. "दादा, ह्या आठळ्यांवर खेळतो. हरणाऱ्याने सोलायच्या, जिंकणाऱ्याने उकडून खायच्या." हे हातपाय धुवायला गेले आणि त्या मे महिन्यात घरातल्या सगळ्या आठळ्या मी सोलल्या. नखं काळी पडली माझी.

कारण तुम्हाला कळायचं. माझ्या हातात जोडी आली की कळायचं, नुसता एक्का आला तरी कळायचं, आणि काहीच नसलं तर ते सगळ्यात आधी कळायचं. मी पदर तोंडावर धरून बघितला. भिंतीकडे बघत खेळून बघितलं. तुम्ही स्वतःच्या पत्त्यांकडे फारसं बघायचातच नाही. माझ्याकडे एक नजर टाकून म्हणायचात, "टाका वैनी, कशाला उगाच."

"कसं कळतं?"

"कळतं."

"अहो पण कसं?"

"भूक लागली हे कसं कळतं तुम्हाला? तसं."

ह्या उत्तराचा मला फार राग यायचा. वर्गात एखाद्या मुलाने बरोबर उत्तर लिहावं आणि रीत विचारली तर खांदे उडवावेत, तसा राग.

तुम्ही बोटीवर परत गेल्यावर मी बाजारातून पत्त्यांचा जोड आणला. शाळेतून आले, दुपारचं आवरलं, की चटईवर चार जागा मांडून चौघांचे पत्ते मीच वाटायची आणि चौघांच्या वतीने मीच खेळायची. हातात दोन बदाम, मधे दोन बदाम, तर पाचवा बदाम यायची आशा किती धरावी, हे आधी कागदावर, मग बोटांवर, मग डोक्यातल्या डोक्यात. शेजारीण ह्यांना विचारायची, वहिनींची तब्येत बरी आहे ना. पुढे मुली झाल्या, मोठ्या झाल्या, पण माझी ती दुपारची वेळ मी मोडू दिली नाही. तुम्ही दर सुट्टीला यायचात आणि दर सुट्टीला मी थोडी कमी हरायची.

मग एका सुट्टीत मी तुम्हाला लागोपाठ हरवलं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी तुम्हाला न विचारता तुमच्या इंजिनाला हात लावला.

"वैनी, हे तुमचं पाठ केलेलं आहे."

"असेल. जिंकले ना?"

"जिंकलात. पण ह्याला खेळणं नाय म्हणत. पोकर रक्तात असावा लागतो."

"रक्तात फक्त रक्त असतं भावजी."

हे मी गमतीने म्हटलं होतं. तुम्हाला ते लागलं, हे मला त्याच आठवड्यात कळलं. तुम्ही खाडीच्या काठाला गळ टाकून बसला होतात, मी चहा घेऊन आले होते. तुम्ही पाण्याकडे बघत बोललात.

"दहावीला बसलो नि पडलो. परत बसलो, परत पडलो. मास्तर म्हणाले, ह्याच्या डोक्यात काय नाय. दादा हुशार, मी आपला असाच. मग बोटीवर एकदा कप्तान सगळ्यांसमोर म्हणाला, हे शिकून येत नाय, हे तू घेऊन आलायस. तुम्हीच सांगा वैनी, माझ्यात कायतरी आहे असं त्याच्याआधी कोण बोललं होतं?"

मग मीही माझं सांगितलं. आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर मुलींना मुद्दाम सोपी उदाहरणं घालायचे. म्हणायचे, मुलींच्या डोक्यात हे मुळातच नसतं, त्यांना कशाला त्रास. "म्हणून मुळात असण्या-नसण्याचं कुणी काढलं की मला तो वर्ग आठवतो. मला जे आलं ते घासून घासून आलं भावजी. ते आयतं आलं असं कुणी म्हटलं तर माझी सगळी वर्षं फुकट गेल्यासारखी वाटतात."

तुम्ही दोरा गुंडाळत विचार केलात. "मग दोघांचं पण खरं कसं असेल?"

"नसेलच. म्हणून तर भांडायचं."

तुम्ही मोठ्याने हसलात आणि गळाला लागलेला मासा सुटला. त्यानंतर आपण कधी मनाला लावून घेतलं नाही. भांडायचो मात्र मन लावून.

मग ते झालं. बोटीवरची नोकरी संपवून तुम्ही कायमचे घरी आलात, कलमांची निगा राखायला लागलात, आणि एका सकाळी झाडांना पाणी सोडता सोडता तुमचा डावा हात खाली लोंबकळला. गावातल्या दवाखान्यात वेळेत पोचलो, डॉक्टरांनी जीव वाचवला. पाय परत आला, हात अर्धामुर्धा आला, बोलणं शाबूत राहिलं. आम्ही सगळे म्हणालो, सुटलो.

काय गेलं होतं ते आधी सुनंदाला कळलं. तुमची बायको आणि माझी धाकटी जाऊ, पण कमी बोलण्यात ती आम्हा सगळ्यांत मोठी. तुम्हाला भात कालवून देताना ती काहीतरी आठवून हसली आणि तुम्ही दचकून विचारलंत, "रागावलीस काय गो?" तिला वाटलं, थट्टा करताय. पण मग शेजारीण डोळे पुसत दारात आली, तिच्या भावाचं काहीतरी बरंवाईट झालं होतं, आणि तुम्ही तिला म्हणालात, "या, या, आज खुशीत दिसताय." ती बिचारी तशीच परत फिरली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या उजव्या बाजूला धक्का बसला की काहींना असं होतं. माणूस ओळखू येतो, नाक-डोळे सगळं दिसतं, पण तोंडावरचा भाव वाचता येत नाही. थोडं परत येईल, थोडं येणारही नाही. सराव करावा लागेल.

'सराव' हा शब्द आला तसं तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

तरी तुम्ही एकदा हट्टाने बसलात. मी पत्ते वाटले. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिलात, अनोळखी लिपीतली पाटी माणूस बघतो तसे. मी सुपाऱ्या पुढे सरकवल्या. आठळ्यांचे दिवस नव्हते म्हणून तेव्हा सुपाऱ्या होत्या. तुम्ही अजून बघत होतात. मग पत्ते खाली टाकलेत. "वैनी, तुमचं तोंड नुसतं तोंड आहे."

त्यानंतर तुम्ही जेटीवर जायचं सोडलंत. कुणी आलं की आत जाऊन पडायचात. मी एकदा रागे भरले तेव्हा म्हणालात, "हसतात का रडतात मला कळत नाय वैनी. सगळे मुखवटा लावून आल्यासारखे वाटतात. भीती वाटते." आयुष्यभर ज्या माणसाने बंदरा-बंदरातल्या परक्यांशी जमवून घेतलं, त्याला स्वतःच्या पडवीत भीती वाटायला लागली.

सुनंदा माझ्याकडे आली ती विळीवर नारळ खवायचं निमित्त करून. खोबरं परातीत पडत होतं आणि ती मान वर न करता बोलत होती. "ताई, त्यांना पत्त्यांचं दुःख नाही हो. ते माझ्याकडे बघायचेच बंद झालेत. तुम्ही कायतरी करा."

मी दुसऱ्या दिवशी चटई घेऊन आले. "भावजी, आजपासून बसायचं. माझ्या पद्धतीने."

"म्हणजे शेवटी तुमचंच खरं झालं. तेवढं ऐकायला आलात?"

"खरं कुणाचं ते मागाहून बघू. आधी बसा."

"मला गणित येत नाय."

"इंजिनाला तोंड होतं काय?"

तुम्ही मान वळवलीत.

"सगळी हयात इंजिनरूममध्ये काढलीत. तेलाचा दाब बघायचात, काटा कुठे होता, कुठे आला, कुठे जाईल ते बघायचात. इंजिन हसतंय का रडतंय ह्यावर बोट चालवलीत का?"

मी चटई गुंडाळायला घेतली. तेव्हा म्हणालात, "काटा खोटं बोलत नाय वैनी."

"उरलेले पत्तेही बोलत नाहीत."

तुम्ही बसलात. डाव्या हातात पत्ते धरवत नव्हते, म्हणून सुताराकडून एका फळीला खाच पाडून आणली, तीत पत्ते उभे राहायचे. काय दिवस होते ते! कुठले पत्ते गेले, कुठले उरले, त्यांतले आपल्या कामाचे किती, हे मी पुन्हा पुन्हा विचारायची आणि तुम्ही चिडून चांगल्या हाताने सुपाऱ्या उधळायचात. सुनंदा एक शब्द न बोलता कपाटाखालून, कोनाड्यातून त्या गोळा करून आणायची. कधी आठवडाच्या आठवडा काही सुधारणा नसायची. मी शाळेत इतकी मुलं शिकवली, पण येत असलेलं गमावून बसलेला विद्यार्थी पहिलाच. ज्याला कधीच येत नव्हतं त्याला धीर देणं सोपं असतं. तुम्हाला आठवत होतं, पूर्वी हे नजरेसरशी व्हायचं. प्रत्येक बेरजेला तुम्हाला ते आठवायचं. तरी दुसऱ्या दिवशी चटई तुम्हीच घालायचात.

पत्त्यांचं झालं की सुनंदाची पाळी. ती समोर बसून आधी शब्दांत सांगायची, "आता मी रागावलेय," आणि तुम्ही तिच्या भुवया, ओठ, गाल एकेक करून तपासायचात, यंत्राचे भाग तपासावेत तसे. सुरुवातीला ती लाजायची. मग तुम्ही तोंड सोडून दुसरीकडेही बघायला लागलात. एकदा म्हणालात, "वैनी, ही खरी रागावली ना, की भांडी आपटत नाय. उलट अगदी हळू ठेवते." सुनंदा चपापली. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, कारण पूर्वी तुम्हाला तिच्या हातांकडे बघायची वेळच आली नव्हती.

आणि तशाच एका दुपारी तिच्या ओठांकडे बघता बघता तुम्ही एकदम म्हणालात, "आई रागावली की तिचा खालचा ओठ आत जायचा."

सासूबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"दादा शाळेत. मी शेंडेफळ, आईच्या मागे मागे. बाजारात तिच्याबरोबर मीच. मासेवाली काय म्हणते ते आईला सांगायचं, आईला काय पाहिजे ते मासेवालीला सांगायचं. दुकानदार फसवतोय काय, कंडक्टर वैतागलाय काय, सगळं बघत राहायचं. आईला शब्द नव्हते ना, मग मी तोंडच वाचायचो. दिवसभर तेच." तुम्ही थांबलात. "म्हणजे मी पण शिकलोच होतो काय ओ वैनी?"

भावजी, मी सासूबाईंबरोबर एका चुलीशी राबले. त्यांच्या हातवाऱ्यांची भाषा मीही थोडीफार शिकले. पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मला जे हवं होतं ते उत्तर तुम्हीच माझ्या ओंजळीत टाकलं होतं. मी जिंकले होते. आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं, तर तिथे दहावीचा निकाल हातात घेतलेला मुलगा उभा होता.

"आणि तुमचे दादा?" मी म्हटलं. "ते कुणाच्या पोटचे? त्याच आईच्या ना? त्यांना आजतागायत माझं डोकं दुखतंय हे सांगितल्याशिवाय कळत नाही."

आतून ह्यांचा आवाज आला, "काय म्हणालीस?"

तुम्ही हसलात. आजारपणानंतर पहिल्यांदा पोटातून हसलात. मग सवयीने वादाला उतरलात. "दादा शाळेत जायचा पण."

"संध्याकाळी घरी होते. सुट्टीत घरी होते. आई दोघांना सारखीच मिळाली, बघत राहायचं तुम्हालाच सुचलं. ते कुठून आलं?"

"गरज होती म्हणून."

"गरज त्यांनाही होती."

"मी रोज करायचो. रोज केलं की येतंच, तुम्हीच म्हणता."

"सगळ्यांना येत नाही. वर्गात बघितलंय मी."

आणि मग दोघांच्याही लक्षात आलं, मी तुमच्या बाजूने भांडत होते आणि तुम्ही माझ्या. पुढे शेवटपर्यंत ते तसंच राहिलं. सरावाच्या बाजूने तुम्ही टेबल बडवायचात आणि जन्मजात देणगीची बाजू मी लावून धरायची.

गेल्या गणपतीत मुली-जावई आले होते, तेव्हाचा डाव तुम्हाला आठवत असेल. धाकटा जावई फोनवर पोकर खेळतो, त्याला भारी ऐट. इतरांनी पत्ते टाकले, तुम्ही आणि मी उरलो. तुमच्या फळीत राणीची जोडी होती, मधे तिसरी राणी पडली होती. मधे बदामाचेही दोन पत्ते होते आणि माझ्या हातात दोन बदाम. तुम्ही वाढवत गेलात, मी नुसती बरोबरी करत राहिले. शेवटचा पत्ता बदाम आला आणि मी वाढवलं.

तुम्ही विचार करायला लागलात. ओठ पुटपुटत होते, कपाळावर घाम आला होता. जावयाने तुमच्या फळीत डोकावून म्हटलं, "काका, सोडू नका, एकदम भारी आहे."

तुम्ही तीन राण्यांचा तो डाव उचलून चटईवर उताणा टाकलात. "वैनींचा कलर झालाय. पाची बदाम, राण्यांना भारी."

"तोंडावर दिसलं का?" मी विचारलं.

"नाय. तोंडावर अजून पण काय दिसत नाय. आधी दोन्ही वेळा वाढवलं नाहीत, बदाम आल्यावर वाढवलंत. तुम्ही कशाची तरी वाट बघत होतात."

मी पत्ते उलटे केले. जावई तोंडात बोट घालून बसला. पूर्वीचे तुम्ही असता तर माझ्याकडे एक नजर टाकून, हसत, "घ्या वैनी" म्हणाला असतात. त्या दिवशी त्याच जागी पोचायला तुम्ही घामाघूम झालात. दोन्हींतलं मोठं खेळणं कुठलं, ते मला अजून ठरवता येत नाही. माझे डोळे भरून आले.

"रडताय काय वैनी?"

"कशावरून?"

"आवाज बदलला तुमचा."

दुसरा झटका आला तेव्हा कुणाला काही करता आलं नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सांगायचं राहिलं ते वेगळंच. ह्या घरात मी सून होते, वहिनी होते, शाळेत बाई होते, मग आई झाले. त्या चटईवर तेवढी मी समोरची खेळाडू होते. तुम्ही मला दया म्हणून कधी एक डाव सोडला नाहीत. मी नवीन नवरी होते, हरून हरून रडकुंडीला आले होते, तरी सोडला नाहीत. तेव्हा तुम्ही दुष्ट वाटलात. नंतर कळलं की मला पहिल्या दिवसापासून बरोबरीची धरणारा ह्या घरातला माणूस तुम्हीच.

आणि खाडीच्या काठावर तुम्ही जे विचारलं होतंत, कप्तानाच्या आधी कोण बोललं होतं, त्याचं उत्तर मला तुमच्या दहाव्याच्या दिवशी सुचलं. बोलता न येणारी सुद्धा एक होती. बाजारात निघताना सासूबाई दोन मुलगे असून दुसऱ्या कुणाचाच हात धरायच्या नाहीत.

काल दुपारी पाहुणे पांगले. हे आत पडले होते. सुनंदा पडवीत आली. इतकी वर्षं ती आपल्या खेळाच्या कडेला बसून निवडटिपण करायची, पत्त्यांना तिने कधी हात लावला नव्हता.

"ताई, मला शिकवा."

"आत्ता?"

"आत्ताच. नुसतं बसून डोकं फुटायला लागलंय माझं."

मी चटई घातली. दोन हातात, पाच मधे, सगळं सांगितलं. बघून बघून तिला बरंच माहीत होतं. पहिले काही डाव ती निमूट हरली. मग एका डावात तिने समोरच्या सगळ्या सुपाऱ्या दोन्ही हातांनी पुढे सारल्या. माझ्याकडे राजाची जोडी होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. शांत होतं, जवळजवळ प्रसन्न, ओठांच्या कडेला थोडं हसू. इतकी वर्षं मी हा खेळ खेळतेय भावजी, मला वाटलं हिच्याकडे नक्की काहीतरी मोठं आहे. मी राजे टाकून दिले.

तिने पत्ते उलटे केले. दुरी आणि सत्ती. मधल्या कशाशी मेळ नाही, एकमेकांशी नाही.

"सुनंदा! हे कुठे शिकलीस गो?"

ती पत्ते गोळा करत होती. "ते बोटीवर जायला निघाले ना ताई, की दर वेळी मी फाटकापर्यंत हसत हसत जायची. बॅग हातात देताना पण हसायची. रिक्षा हातखंब्याच्या दिशेने वळली की मग मागच्या दारी जाऊन बसायची."

"आणि भावजींना ते कळायचं नाही? त्यांना?"

सुनंदाने पत्त्यांची चवड चटईवर ठोकून सारखी केली.

"कळत असणारच," ती म्हणाली. "म्हणून तर रिक्षात बसल्यावर त्यांनी एकदा पण मागे वळून बघितलं नाही."